घराची चतुःसीमा

घर विकत घेऊ पाहणारा माणूस घर पाहायला येतो तेव्हा तो भिंतींवरून हात फिरवतो, न्हाणीघराचा कोपरा निरखतो, स्लॅब कुठे पाझरतो का ते पाहतो. नळाला पाणी किती वेळ येते, रस्ता किती फुटांचा आहे, कागद स्वच्छ आहेत का, हे विचारतो. यांपैकी एखादी गोष्ट खटकली की तो परत जातो. यात गैर काही नाही. आयुष्यभराची पुंजी घालणाऱ्याने चौकस असलेच पाहिजे. परंतु आपल्याकडे गिऱ्हाईक परत जाण्याचे आणखी एक कारण आहे. ते भिंतीत नसते, स्लॅबमध्ये नसते आणि आता कागदातही नसते. या घरात आजवर कोण राहत होते आणि या घराच्या चहूबाजूंना कोण राहते, या दोन प्रश्नांच्या उत्तरांत ते असते. दलितांच्या दारिद्र्याचा विचार करताना आपण जमीन, नोकरी आणि शिक्षण यांविषयी पुष्कळ लिहिले. घराची किंमत हा विषय मात्र आपल्या चर्चेत क्वचितच आला. म्हणून या कारणाचा इतिहास थोडा तपशिलाने पाहिला पाहिजे.

१८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आजही अमलात आहे. त्याच्या ५५ व्या कलमात विकणाऱ्याची आणि घेणाऱ्याची कर्तव्ये सांगितलेली आहेत. विकणाऱ्याचे पहिलेच कर्तव्य असे की, मालमत्तेत किंवा मालकी हक्कात एखादा महत्त्वाचा दोष असेल, तो त्याला ठाऊक असेल आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही कळण्यासारखा नसेल, तर तो त्याने उघड केला पाहिजे. म्हणजे दोष झाकून घर विकणे ही फसवणूक. आता गंमत अशी की, या देशातला समाज ज्याला घराचा सर्वांत मोठा दोष समजतो तो कोणाला उघड करावाच लागत नाही. पाहायला येणारा तो स्वतःच शोधून काढतो. दारावरचे आडनाव, भिंतीवरची तसबीर, वस्तीच्या तोंडाशी असलेल्या कमानीवरचे नाव, एवढी साधारण काळजी त्याला पुरते.

या दोषाला जुना शास्त्राधार आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुर्गाच्या रचनेचा एक अध्याय आहे. त्यात ब्राह्मणांना उत्तर, क्षत्रियांना पूर्व, वैश्यांना दक्षिण आणि शूद्रांना पश्चिम अशा दिशा वाटून दिल्या आहेत, आणि पाखंडी व चांडाळ यांची वस्ती स्मशानाच्या टोकाला सांगितली आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी गावाबाहेर राहावे असे फर्मान आहे. सहाव्या शतकातला वराहमिहिर तर बृहत्संहितेत जमिनीलाही वर्ण देतो. पांढरी माती ब्राह्मणाला, तांबडी क्षत्रियाला, पिवळी वैश्याला आणि काळी शूद्राला योग्य, असे तो सांगतो. मातीचा वास आणि चवसुद्धा त्याने वर्णावर वाटून ठेवली आहे. घराची रुंदीही वर्णाप्रमाणे उतरत जाते. (दख्खनच्या कापसाच्या काळ्या रानाला आपला शेतकरी आई म्हणतो, हे या ज्योतिष्याला कोणी सांगितले नसावे.) आज लाखो रुपये मोजून वास्तुतज्ज्ञ बोलावणाऱ्या माणसाला या श्लोकांची माहिती नसते. परंतु दिशेला शुभाशुभ असते आणि जागेला कुळी असते, ही जी त्याची पक्की समजूत आहे तिचे मूळ या ग्रंथांत आहे.

महाराष्ट्राच्या गावगाड्यात हीच रचना वेगळ्या शब्दांत आली. गावाची वस्ती ती पांढरी आणि शेती ती काळी. पांढरीला गावकूस, गावकुसाला वेस. महारवाडा, मांगवाडा वेशीबाहेर. पुष्कळ गावांत महारवाडा पूर्वेच्या अंगाला असतो. आपल्याकडे वर्षाचा मोठा काळ वारा पश्चिमेकडून वाहतो, म्हणजे गावावरून आलेला वारा महारवाड्यावर जाईल, महारवाड्यावरचा गावावर येणार नाही, अशी ही योजना. जी वस्ती मुळातच गावाच्या नकाशाबाहेर आखली, तिथल्या घराला विक्रीची किंमत कुठून येणार? पाटलाचा पडका वाडा विकला जाई, वाण्याची माडी विकली जाई. महारवाड्यातले छप्पर विकले जात नसे. ते मोडून पडे किंवा भावकीत जाई. घेणारा गिऱ्हाईक म्हणजे दुसरा महारच, आणि त्याच्याजवळ पैसा नसे.

वतनी जमिनीचीही तीच गत होती. १८७४ च्या वतन कायद्याने वतनदाराला सरकारच्या परवानगीवाचून वतनाबाहेरच्या माणसाला जमीन कायमची देता येत नसे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले ते वतन म्हणजे गुलामी हे ओळखूनच. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने नष्ट झाली आणि जमिनी पूर्वीच्या वतनदारांना परत मिळाल्या. पण जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकायच्या नाहीत, या अटीवर. सातबाऱ्यावर ‘नवीन शर्त’ हे दोन शब्द आले. ही अट दलितांची जमीन बळकावली जाऊ नये म्हणून होती आणि ती काढून टाकावी असे मी म्हणणार नाही. अट नसती तर निम्म्या जमिनी दारूच्या उधारीत आणि लग्नाच्या कर्जात गेल्या असत्या. परंतु तिचा दुसरा परिणामही नोंदवला पाहिजे. सातबारा हातात घेतलेला गिऱ्हाईक ते दोन शब्द वाचतो आणि कागद मिटून परत देतो. उरतात ते परवानगीविना अल्प पैशांत कब्जा घेऊन बसणारे. म्हणजे गावठाणाबाहेरच्या घराला गिऱ्हाईक नाही जातीमुळे, आणि शिवारातल्या जमिनीला सरळ गिऱ्हाईक नाही शर्तीमुळे. १९४२ च्या जुलै महिन्यात नागपूरला भरलेल्या अखिल भारतीय परिषदेत अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली आणि ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या १९४७ च्या निवेदनात बाबासाहेबांनी ती पुन्हा मांडली. या मागणीकडे आपण सुरक्षिततेच्या दृष्टीने पाहतो. मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्या गावात आपले घर आणि आपले माणूसपण दोन्ही बिनकिमतीचे ठरविले आहे, त्या गावात राहून ही किंमत वाढणार नाही, हे त्यांनी ओळखले होते.

आता कागदाकडे वळू. घराच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहावी लागते. पूर्वेस अमक्याचे घर, पश्चिमेस बोळ, दक्षिणेस तमक्याची भिंत, उत्तरेस सरकारी रस्ता. आपल्याकडे आडनावावरून आणि पुष्कळदा नावावरून जात कळते. त्यामुळे खरेदीखताच्या या चार ओळी म्हणजे शेजारपाजारच्या जातींची यादीच असते. पण एके काळी एवढ्यावर भागत नसे. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या दुसऱ्या कलमात दस्तऐवजातल्या माणसाचे वर्णन कसे लिहावे याची व्याख्या आहे. राहण्याचे ठिकाण, व्यवसाय, हुद्दा, आणि माणूस हिंदी असेल तर त्याची जात व बापाचे नाव, अशी ती व्याख्या होती. म्हणजे साहेबाने घर विकले तर त्याची जात विचारण्याचे कारण नाही. आपल्या माणसाने विकले तर जात हा त्याच्या वर्णनाचा कायदेशीर भाग. जातीचे हे शब्द १९५६ सालच्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आले. त्याच वर्षी नागपुरात धम्मदीक्षा झाली. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, पण मला हा योगायोग विलक्षण वाटतो. खरेदीखतातून जात गेली. ती गेली कुठे, हा या लेखाचा विषय आहे.

ती शहरात गेली, असे एक उत्तर आहे. परंतु शहरात ती आधीपासूनच होती. १९१७ साली बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर गेले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशाच्या विश्रामगृहात पारशी नाव घेऊन ते राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना संध्याकाळपर्यंत जागा सोडावी लागली. एका हिंदू स्नेह्याने सांगितले की तुम्ही माझ्या घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. हा प्रसंग आपल्याला पाठ आहे. मी तो इथे काढतो तो त्या हिंदू स्नेह्याच्या उत्तरासाठी. त्याने ‘मला तुम्ही नकोत’ असे म्हटले नाही. नोकरांना चालणार नाही, असे म्हटले. हे उत्तर लक्षात ठेवावे. पुढे ते पुन्हा भेटेल.

मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वतांची सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली. या देशातल्या सहकारी गृहनिर्माणाची ती सुरुवात मानतात. सहकार हा शब्द मोठा, पण त्याचा पहिला अर्थ एका ज्ञातीने एकत्र राहणे असा झाला. त्यानंतर दादर-माटुंग्याला पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी अशा वसाहती नावासकट उभ्या राहिल्या. त्याच सुमारास, १९२० नंतरच्या वर्षांत, सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे बीडीडी चाळी बांधल्या. त्यांत आपली माणसे मोठ्या संख्येने राहायला आली. १९३० नंतरच्या काळात बाबासाहेबांनी हिंदू कॉलनीत राजगृह बांधले. त्यांनी कोणाचे तयार घर विकत घेतले नाही. जागा घेतली आणि पायापासून घर उभे केले, मुख्यतः ग्रंथांसाठी. तोवर पुष्कळ वर्षे ते परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहत होते.

या इतिहासात मला एक सूत्र दिसते. शहरात दलिताला जिथे जिथे घर मिळाले तिथे देणारा बहुधा सरकार होते. बीडीडीची खोली, रेल्वेची लाईन, नगरपालिकेची सफाई कामगार वसाहत, मागासवर्गीयांच्या सहकारी संस्थांना सरकारने दिलेल्या जागा, १९७० नंतर सिडको, त्यानंतर म्हाडा. सोडतीत नंबर लागला की घर मिळते. वरच्या मजल्यावरचा भाऊसाहेब आणि खालच्या मजल्यावरचा आपला माणूस एकाच चिठ्ठीने येतात. पहिली विक्री जात विचारत नाही, कारण विकणारा घरमालक नसतो, नियम असतो. जात बोलू लागते ती दुसऱ्या विक्रीला. सरकारकडून आलेले घर जेव्हा माणसाकडून माणसाकडे जायला निघते, तेव्हा गिऱ्हाईक उंबऱ्यात उभा राहून आडनाव विचारतो. आपल्या पिढीचे दुखणे हे दुसऱ्या विक्रीचे दुखणे आहे. आमच्या आईबापांनी घर मिळवले. आम्हाला ते विकता येत नाही.

यासंबंधी मला जे प्रत्यक्ष ठाऊक आहे ते थोडक्यात सांगतो. माझे वडील सरकारी दवाखान्यात शिपाई होते. मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी त्यांनी गुंठेवारीतली दीड गुंठा जागा घेतली आणि १९९१ साली तीन खोल्या बांधल्या. वस्ती आपलीच. वडील गेल्यानंतर, २०१७ साली, मी नोकरीच्या गावी घर घ्यायचे म्हणून ते विकायला काढले. दीड वर्षात तेवीस जण पाहून गेले. इतिहासाचा शिक्षक असल्यामुळे मी त्यांची कारणे एका वहीत लिहून ठेवली. रस्ता अरुंद आहे, असे एकाने सांगितले. तो राहत होता त्या कॉलनीचा रस्ता याहून अरुंद होता. घर दक्षिणमुखी आहे, असे दोघांनी सांगितले. दार पूर्वेला होते. जयंतीचा आवाज होत असेल, असे तीन-चार जण म्हणाले. त्यांच्या कॉलन्यांत दहा दिवस गणपती आणि नऊ दिवस देवी असते, तिचा आवाज बहुधा घराच्या किमतीत मिसळून जात असावा. बाकीचे ‘सांगतो’ म्हणून गेले. आपल्या भाषेत ‘सांगतो’ या शब्दाचा अर्थ काय होतो हे वाचकांना सांगायला नको.

या सगळ्यांत एक गृहस्थ प्रामाणिक निघाले. किराणा दुकानदार होते. घर त्यांनी दोनदा पाहिले, बायकोला आणून दाखवले, भाव जवळजवळ ठरवला. तिसऱ्या वेळी एकटे आले आणि ओट्यावर बसून म्हणाले, “गुरुजी, घर मला पसंत हाय. तुमची मानसंबी चांगली हायेत. माझ्या मनात काहीच न्हाई. पन उद्या मला इकायचं झालं, तर माझ्याकडून कोन घेईल?”

मी त्यांच्याशी वाद घातला नाही, कारण व्यवहाराच्या दृष्टीने ते चूक बोलत नव्हते. या वाक्यावर मी पुढे पुष्कळ विचार केला. बडोद्याच्या त्या स्नेह्याचेच हे उत्तर आहे, शंभर वर्षांनंतरचे. त्याने नोकरांचे नाव सांगितले, याने पुढच्या गिऱ्हाइकाचे. अस्पृश्यता पाळणारा माणूस इथे समोर नसतोच. तो पुढे कधीतरी येणार असतो. प्रत्येक गिऱ्हाईक स्वतः निर्मळ असतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या मनातल्या विटाळाला भिऊन आजच घर नाकारतो. बाजारात जात अशी टिकते. तिच्यावर श्रद्धा असण्याची गरज उरत नाही. दुसऱ्याची श्रद्धा असेल एवढी शंका पुरते. सवर्णांच्या हृदयपरिवर्तनाची वाट पाहणाऱ्यांनी याचा विचार करावा. हृदय बदललेला दुकानदारसुद्धा घर घेत नाही.

मध्यस्थी करणारा एजंट भला माणूस होता. त्याने मला बाजूला घेऊन सुचवले, “सर, राग मानू नका. पार्टी येईल त्या दिवशी बाहेरची निळी पट्टी तेवढी पांढरी करून घ्या, आन् बैठकीतला फोटो आतल्या खोलीत ठेवा. व्यवहार झाल्यावर लावा की पुन्हा.” मी हे आईला सांगितले. ती ज्वारी निवडत होती. तिने वर न पाहता विचारले, “मंग तुझ्या बापाचाबी काढू का?” फोटो निघाला नाही. शेवटी घर आपल्याच समाजातल्या एका पोलिसाने घेतले. नाल्यापलीकडे, दोनशे पावलांवर, दुसरी कॉलनी आहे. तिथे त्याच आठवड्यात तेवढ्याच जागेचे, आमच्याहून जुने घर आमच्या जवळजवळ दुप्पट किमतीला गेले. वडिलांनी सिमेंट त्याच दुकानातून आणले होते, गवंडीही नाल्यापलीकडचाच होता.

दुप्पट आणि निम्मे यांतले हे अंतर कुठेच नोंदले जात नाही, ही यातली महत्त्वाची गोष्ट. बँक कर्ज देण्यापूर्वी मूल्यांकन करून घेते. त्या अहवालात वस्तीचा दर्जा लिहायचा रकाना असतो: उच्च, मध्यम, गरीब. जात लिहायचा रकाना नसतो, आणि लागतही नाही. आजूबाजूला घरे कमी भावाने गेली म्हणून या घराची किंमत कमी, किंमत कमी म्हणून कर्ज कमी, कर्ज कमी म्हणून गिऱ्हाईक कमी, आणि गिऱ्हाईक कमी म्हणून पुन्हा घरे कमी भावाने जातात. त्यात जागा गुंठेवारीची असेल तर बँक दारातूनच परत पाठवते. सवर्ण मास्तराचे वडिलोपार्जित घर त्याच्या मुलाच्या डॉक्टरकीचे पैसे होते. आमचे घर विकून मुलीच्या पहिल्या वर्षाची फी निघते. दोघेही पहिल्या दिवशी सारख्याच पगारावर नोकरीला लागलेले असतात. आरक्षणाने पगार सारखा केला. घराने तो पुन्हा वेगळा केला.

कायदा आहे ना, असे कोणी म्हणेल. आहे. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या चौथ्या कलमात, अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहते घर बांधायला, घ्यायला किंवा त्यात राहायला आडकाठी करणे हा गुन्हा ठरवला आहे. दलिताला घर न विकणाऱ्यावर, निदान कागदावर, हे कलम लागू शकते. पण दलिताकडून घर न घेणाऱ्याचे काय? न घेणे हा कोणत्याही कायद्याने गुन्हा होऊ शकत नाही, आणि होऊही नये. माझे घर घे अशी सक्ती कोणावर करायची? नकार देणाऱ्याला निदान तोंड उघडावे लागते. परत जाणारा गिऱ्हाईक फक्त चप्पल पायात घालतो. आपण आजवर जे लढे दिले ते तळ्याचे, मंदिराचे, नामांतराचे. त्यांत अडवणारा समोर उभा होता. इथे समोर कोणीच नाही.

अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्याकडे पाहूनच १९७२ साली आपल्याकडे पँथर उभी राहिली, म्हणून तिकडच्या घरांचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. तिथे घरांच्या दस्तऐवजांतच ‘काळ्याला विकू नये’ अशी अट छापलेली असे. अशा अटी न्यायालयांनी अमलात आणू नयेत असा निर्णय तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली दिला, आणि घरांच्या विक्रीत व भाड्यात वंशभेद करण्यास बंदी घालणारा कायदा १९६८ साली झाला. तिकडे दलालांचा एक धंदाच होता. गोऱ्यांच्या गल्लीत एखादे घर काळ्याला मिळवून द्यायचे, मग बाकीच्या गोऱ्यांना घाबरवून त्यांची घरे स्वस्तात काढून घ्यायची आणि ती काळ्यांना महाग विकायची. आपल्याकडे हा धंदा झाला नाही. दलालांच्या सज्जनपणामुळे नव्हे. गल्लीतले ते पहिले घरच आपल्याला मिळत नाही म्हणून.

आपल्या न्यायालयांचा प्रवास मात्र उलट दिशेने झाला, हे मला नमूद केले पाहिजे. उत्तरेतल्या काही संस्थानांत आणि प्रांतांत शेजाऱ्याला अग्रक्रयाचा हक्क होता. शेजारचे घर परक्याला विकले जात असेल तर तेवढीच किंमत भरून ते आपण घ्यायचे. परका माणूस वस्तीत येऊ नये, हा त्याचा हेतू. १९६२ साली भाऊराम विरुद्ध बैजनाथ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केवळ शेजारामुळे मिळणारा हा हक्क घटनाबाह्य ठरविला. धर्म, वंश किंवा जात यांच्या आधारे परक्याला वस्तीबाहेर ठेवणे हे संविधान आल्यानंतर समर्थनीय ठरत नाही, असा त्या निर्णयाचा रोख होता. त्यानंतर त्रेचाळीस वर्षांनी, २००५ साली, अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात त्याच न्यायालयाने, एका समाजापुरते सभासदत्व मर्यादित ठेवणारा संस्थेचा उपविधी वैध ठरविला. सभासदाने आपले घर समाजाबाहेरच्याला विकण्यावर या उपविधीमुळे येणारे बंधनही न्यायालयाला मान्य झाले. मधल्या काळात, १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने, मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून निघून गेला होता. पारशी समाज छोटा आहे, त्याची चिंता मी समजू शकतो. परंतु अल्पसंख्याकांसाठी उघडलेल्या दारातून बहुसंख्याकच आत जातात, हा आपला नेहमीचा अनुभव. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकार कायद्यात खुल्या सभासदत्वाचे कलम आहे, आणि तरीही शाकाहार, संस्कार आणि ‘आपली माणसे’ या तीन शब्दांवर पुष्कळ सोसायट्या चालतात. खरेदीखतातून १९५६ साली निघालेली जात उपविधीत आली, आणि उपविधीत नसेल तिथे सोसायटीच्या चिटणिसाच्या तोंडात आली.

आता आपल्या घराकडेही पाहिले पाहिजे. आपल्यातला जो वर्ग शिकला, अधिकारी झाला, प्राध्यापक झाला, तो घर घेताना एजंटला काय विचारतो? तोही ‘वस्ती कशी आहे’ असेच विचारतो. आपल्या वस्तीलगतचा फ्लॅट त्यालाही नको असतो. त्याचे कारण मी समजतो. त्याच्याही पुढे कधीतरी विकण्याचा दिवस आहे, आणि पुढच्या गिऱ्हाइकाची भीती त्याला दुकानदारापेक्षा जास्त आहे, कारण त्याच्या आडनावानेच किमतीतून काही वजा होणार असते. पण यातून असे होते की आपल्या वस्तीतले घर सवर्ण घेत नाही आणि आपला पैसेवालाही घेत नाही. मग ते घेतो तो आपल्यातला नुकता नोकरीला लागलेला शिपाई, कमी पैशांत. त्याची मुले शिकली की हाच प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहणार. वस्तीत वाचनालय, विहार आणि कमान उभी करताना आपण वर्गणी काढतो. गटार, रस्ता आणि गुंठेवारी नियमित करण्याचा प्रस्ताव यांसाठी मोर्चा निघाल्याचे मी फार थोड्या ठिकाणी पाहिले आहे. ही कामे झाली म्हणजे जात जाईल असे मला म्हणायचे नाही. निदान परत जाणाऱ्याला रस्त्याचे निमित्त उरणार नाही.

२०२० च्या डिसेंबरात महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, चांभारवाडा ही नावे जाऊन समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे यावीत, असे ठरले. निर्णय योग्यच आहे. शाळेच्या दाखल्यावर मुलाला महारवाडा लिहावे लागू नये. पण पोस्टमनला जसा भीमनगरचा पत्ता कळतो तसाच तो एजंटलाही कळतो. नव्या नावाच्या वस्तीत घर पाहायला आलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो ‘आधी याला काय म्हणायचे?’ असा. ब्राह्मणआळी, सदाशिव पेठ या नावांनी मात्र किंमत वाढते.

या विषयाची साधने सरकारी दप्तरांत आहेत तशी आपल्या ट्रंकांतही आहेत. १९५६ पूर्वीच्या खरेदीखतांत विकणाऱ्याची आणि घेणाऱ्याची जात लिहिलेली असते, चतुःसीमा असते, किंमत असते. एकाच गावची, एकाच दशकातली अशी पंधरा-वीस खते शेजारी मांडली तर घराच्या किमतीतून जातीची किंमत वेगळी काढून दाखवता येईल. वाचकांपैकी ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या वेळची अशी कागदपत्रे असतील त्यांनी ती वाळवी लागू न देता जपावीत, मोडी असली तरी टाकू नयेत, आणि नक्कल पाठविणे शक्य असेल तर या त्रैमासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावे पाठवावी. खत विकण्याचे असो की घेण्याचे, दोन्ही हवीत.